पोट बिघडल्यास पाठ वापरावी

“पाय लागला की रे कागदाला. पाया पड आधी.”

चाळीस वर्षांपूर्वी औशाजवळच्या एका खेड्यात आत्याने हे शब्द उच्चारले, तेव्हा दयानंद सोनटक्के सहा वर्षांचे होते आणि त्यांच्या पायाखाली आलेला कागद म्हणजे गुळाच्या ढेपेचे वेष्टण होते. त्यांनी वाकून वेष्टणाला नमस्कार केला. पुढे ते शिकले, परीक्षा दिल्या, बदल्या होत होत मुळशी तालुक्यातल्या पाणंद व वहिवाट कार्यालयाचे प्रमुख झाले, बावधनला तिसऱ्या मजल्यावर राहू लागले. पण आत्याचा तो आवाज त्यांच्या कानातून गेला नाही. टोपलीत चुरगळलेला कागद दिसला की त्यांचा जीव कळवळे आणि हात आपोआप जोडले जात.

पाणंद म्हणजे शेतात जाणारी गाडीवाट. अशी वाट कोणी अडवली, तर ती मोकळी करण्याचा आदेश काढणे एवढेच या कार्यालयाचे काम. आदेश एक पानाचा असतो. त्या एका पानापर्यंत पोहोचायला जी पाने लागतात त्यांनी तीन कपाटे भरली होती, आणि चौथे कपाट मंजूर व्हावे म्हणून केलेला पत्रव्यवहार खिडकीत रचून ठेवला होता. त्यामुळे कार्यालयात उजेड थोडा कमी येई.

दिवाळीची सुट्टी संपली आणि वरिष्ठ कार्यालयाचे पत्र आले: कर्मचाऱ्यांना कागदाची उधळपट्टी टाळण्यास प्रोत्साहन द्यावे, उत्कृष्ट कार्यालयास ‘कागदमित्र’ हा मान देण्यात येईल. सोनटक्के साहेबांनी पत्र दोनदा वाचले. मग पत्र उलटे केले. मागची बाजू कोरी होती. त्या कोरेपणाकडे ते इतक्या मायेने बघत राहिले की वरिष्ठ लिपिक सुलक्षणा मॅडमना वाटले, पत्रात बढती आहे.

“मॅडम,” साहेब म्हणाले, “आपल्याकडे असे पाठकोरे किती असतील?”

“मोजले नाहीत, साहेब. रद्दीत जातात.”

“रद्दीत,” साहेब म्हणाले आणि क्षणभर डोळे मिटून बसले.

दुपारी त्याच पत्राच्या पाठीवर परिपत्रक निघाले. ‘कागदाच्या वापरलेल्या बाजूस यापुढे पोट व कोऱ्या बाजूस पाठ असे संबोधण्यात यावे. कार्यालयातील सर्व पाठी संपल्याशिवाय नवीन कागदास हात लावू नये. पोट बिघडल्यास पाठ वापरावी. पाठपुरावा या शब्दाचा अर्थ यापुढे पाठींचा पुरवठा असा घेण्यात येईल व त्याची जबाबदारी कनिष्ठ लिपिक श्री. कौस्तुभ यांची राहील.’

श्री. कौस्तुभ यांनी दुसऱ्याच दिवशी अर्ज दिला: ‘माझे पोट बिघडल्यामुळे एक दिवसाची रजा मिळावी.’ अर्जावर साहेबांचा शेरा पडला: ‘परिपत्रकातील सूचना स्पष्ट आहे. पाठ वापरावी. रजेचा प्रश्न उद्भवत नाही.’ कौस्तुभ दिवसभर कार्यालयातच होता, पण जागेवर फारसा सापडला नाही.

या सुमारास तालुक्यातल्या रिह्याच्या खोऱ्यात भात पिकले होते. पहाटेचे धुके उतरले की न्हाऊन आलेल्या लेकीबाळींसारख्या लोंब्या माना खाली घालून उभ्या राहत, आणि ऊन चढले की इंद्रायणी तांदळाचा वास बांधाबांधाने फिरत घरांपर्यंत येई. तिथल्या लीलाबाईंचे भातखाचर ओढ्याच्या अंगाला होते. त्याचा वास घरापर्यंत येत होता, भात येत नव्हते. कारण खाचरात जाणाऱ्या पाणंदीच्या दोन्ही बाजूंची जमीन बावधनच्या निरंजन नावाच्या गृहस्थांनी फार्महाऊससाठी घेतली होती, आणि मधली पाणंद तेवढी वेगळी दिसू नये म्हणून तिच्यावरही लोखंडी गेट बसवले होते. दुसऱ्या बाजूला ओढा. त्याला कमरेइतके पाणी. बाई एकटी असली तर पदर खोचून पलीकडे जाते. डोक्यावर भातकाढणीचे भारे घेऊन अलीकडे येत नाही.

गेटवर शंभू असे. मूळचा नेरे गावचा. नेऱ्यात त्याच्या भाताच्या जागी आता बारा मजली इमारत आहे, आणि शंभू रिह्यात येऊन दुसऱ्याच्या जमिनीची राखण करतो. अंगात खाकी, गळ्यात किल्ली, कपाळावर सरकवलेला चष्मा, मांडीवर वर्तमानपत्र. मालकांनी त्याला एकच ताकीद दिली होती: सरकारी कागद दाखवला तर उघडायचे, नाहीतर नाही.

लीलाबाई कार्यालयात आल्या तेव्हा त्यांच्या प्रकरणात आदेश छापणे एवढेच बाकी होते. गावनकाशात पाणंद सापडली होती, पंचनामा झाला होता.

“साहेब, आठ दिसांत भात काढाया पायजे,” त्या म्हणाल्या. “मंग दाणं झडत्यात. आमचं ह्ये गुडघं धरून बसल्यात, मी एकलीच हेलपाटं घालतीया.”

“आजी, आजच घेऊन जा,” साहेब म्हणाले. ते मनाने वाईट नव्हते. “मॅडम, छापा. पाठीवर.”

मॅडमनी गठ्ठ्यातला वरचा कागद घेतला. त्याच्या पोटावर मागच्या वर्षीची सूचना होती: महिला कर्मचाऱ्यांसाठी रांगोळी स्पर्धा. चारही कोपऱ्यांत ठिपक्यांची कमळे. पाठीवर आदेश छापून कागद साहेबांसमोर आला. साहेबांचा हात वीस वर्षे कागदाच्या पोटावर सही करत आला होता. त्याने सवयीने कागद उलटा केला, रांगोळी स्पर्धेखाली सही केली आणि गोल शिक्का एका कमळावर बरोबर मध्यभागी उमटवला.

गेटवर शंभूने चष्मा कपाळावरून नाकावर ओढला. कागद लांब धरला, जवळ धरला.

“काकी, हे हळदीकुंकवाचं हाय.”

“आरं, सायबानं दिलंय. शिक्का हाय बघ.”

“शिक्का हाय की. पण रांगुळीवर हाय. रांगुळी काढायची आसंल तर काढा गेटाम्होरं, मी न्हाई म्हणत न्हाई.”

लीलाबाई परत कार्यालयात आल्या. बाकावर बसल्या. साहेब बैठकीत होते. बैठक कागद वाचवण्याची होती आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालली. लीलाबाईंना रिकामे बसवत नसे. हात रिकामे असले की त्यांच्या तोंडात ओवी येई.

माझ्या गं खाचरात भात पिवळं झालं बाई
सायबाच्या टेबलावं कागुद पिकत न्हाई

कौस्तुभने ती लिहून घेतली. पाठीवर.

झाला प्रकार साहेबांनी गांभीर्याने घेतला. दोष आदेशात नव्हता, बाजूत होता. तेव्हा पुरवणी सूचना निघाली: ‘सर्व पाठकोऱ्या कागदांच्या पोटावर तिरकी रेघ मारून पोट रद्द झाल्याचे दर्शवावे.’ कौस्तुभने दुसऱ्या दिवशी सकाळी सातशे चाळीस कागदांवर रेघ मारली. पट्टी लावून, एका मापाची, डाव्या कोपऱ्यातून उजव्या कोपऱ्यात. काम संपल्यावर लक्षात आले की गठ्ठा आधीपासूनच पालथा होता.

“साहेब,” सुलक्षणा मॅडम म्हणाल्या, “रेघा पाठीवर पडल्यात. आता आदेश रेघेवरच छापला जाईल.”

“मग? सातशे चाळीस कागद फेकून द्यायचे का, मॅडम?”

“तसं नाही, पण आदेश रद्द झाल्यासारखा दिसेल.”

“दिसेल. असेल असं नाही. आपण दिसण्यावर जातो का?”

यावर मॅडमकडे उत्तर होते. पण त्यांचा सोलापूरकडचा बदलीचा अर्ज साहेबांच्या खणात होता, तोही पाठकोऱ्यावर, आणि त्याच्या कोणत्या बाजूवर विचार चालू आहे याची त्यांना खात्री नव्हती. त्यांनी कागद यंत्रात सरकवला. आदेश छापला गेला. या वेळी साहेबांनी सही योग्य बाजूला केली, रेघेच्या थोडी खाली.

“काकी, ह्याच्यावं काट मारलीया की,” शंभू म्हणाला.

“आरं, ती काट तशीच असती म्हणं. हापिसातली बाई म्हणली, काटंकडं बघू नगंस, खालचं वाच.”

शंभूने खालचे बघितले. बराच वेळ बघितले. बोट फिरवून रेघेची खोली अजमावली.

“पट्टी लावून मारलीया,” तो म्हणाला. “चुकून मारली असती तर वाकडी आली असती. न्हाई काकी. हे कुणीतरी इचार करून मारलंय.”

पाचवा दिवस होता. लीलाबाई ओढ्यातून पलीकडे जाऊन खाचर बघून आल्या. लुगडे ओले, तळव्यांना चिखल. तशाच कार्यालयात येऊन बाकावर टेकल्या.

सोन्यासारख्या कागदा आडवी मारली रेघ
भरल्या उनात बाई दाटून आलं मेघ

आता कौस्तुभला राहवले नाही. तो मुळात भला होता, शिवाय दोन ओव्यांनी त्याच्या पोटात कालवले होते, आणि ते पोट अजून पुरते सावरलेले नव्हते.

“साहेब, आदेशाचा फोटो काढून आजींच्या मोबाईलवर पाठवू का? व्हॉट्सॲपवर? कागदच लागणार नाही.”

साहेबांनी विचार केला. “मोबाईलला पाठ असते?”

“असते, साहेब. पण तिथं कॅमेरा असतो.”

“म्हणजे कोरी नसते.”

“नाही.”

“मग परिपत्रकात बसत नाही,” साहेब हळहळून म्हणाले. चांगली सूचना वाया गेल्याचे त्यांना खरेच वाईट वाटले.

उपाय मात्र त्यांनी काढला. आदेशासोबत एक ‘बाजू-दाखला’ देण्यात यावा. मसुदा त्यांनी स्वतः तयार केला: ‘दाखला देण्यात येतो की, सोबतच्या कागदाची पाठ हेच त्याचे पोट असून, त्यावरील रेघ ही रेघ नसून वापराची खूण आहे. सबब पाठीस पोट समजून त्याप्रमाणे कार्यवाही व्हावी.’ बाजू-दाखला अर्थातच पाठकोऱ्यावर छापला. त्याच्या पोटावर कौस्तुभचा तो रजेचा अर्ज होता. त्यामुळे दाखल्याच्या दोन्ही बाजूंना पोटाचाच उल्लेख आला आणि विषयात एकवाक्यता राहिली.

शंभूने दोन्ही कागद दोन हातांत धरले. इकडे बघितले, तिकडे बघितले.

“दोन कागुद व्हय.”

“व्हय. ह्यो त्याचा साक्षीदार हाय म्हणं.”

“म्हंजी वाद हाय,” शंभू म्हणाला. “हुकूम असला की एक कागुद असतो, काकी. दोन कागुद म्हंजी कोर्ट. आमच्या नेऱ्यात जमिनीला दोन कागुद निगालं, तवापास्नं चुलतं चुलत्याशी बोलत न्हाईत. मी न्हाई मधी पडत.”

“आरं, तिकडं माझ्या लोंब्या बघ रं मातीला टेकल्यात.”

“बघतोय की,” शंभू हळूच म्हणाला. “रोज बघतोय.”

सातव्या दिवशी वरिष्ठ कार्यालयाचा निरोप आला: उद्या ‘कागदमित्र’ची समिती तपासणीस येत आहे. आणि त्याच सकाळी सुलक्षणा मॅडमनी साहेबांना एक अप्रिय गोष्ट सांगितली.

“साहेब, पाठकोरे संपले.”

“सातशे चाळीस होते.”

“रोजच्या पाठवापराचा अहवाल, त्याची स्थळप्रत, किती पाठी उरल्या त्याचा तक्ता. संपले.”

“मग रिमातला एक घ्या. आजींचा आदेश काय तो आज निघालाच पाहिजे. मलाही मन आहे, मॅडम.”

मॅडमनी नवीन रिम फोडला. पांढराशुभ्र, नुकत्याच काढलेल्या तांदळासारखा. साहेबांनी एक कागद उचलला, सुलटा पाहिला, उलटा पाहिला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

“हा तर दोन्ही बाजूंनी कोरा आहे.”

“नवीन आहे, साहेब.”

“पण याला पोट नाही. पोट नाही म्हणजे पाठ कुठली? याच्यावर आदेश काढला तर उद्या समिती विचारेल, नवीन कागद का वापरला.”

बाकावर लीलाबाई बसल्या होत्या. त्या दिवशी त्या ओवी म्हणत नव्हत्या.

“याला आधी पोट द्यावं लागेल,” साहेब शेवटी म्हणाले.

“म्हणजे?”

“एका बाजूवर काहीतरी छापा. म्हणजे तो पाठकोरा होईल.”

“काय छापू?”

“काहीही. विधायक असावं.”

दुपारपर्यंत पाचशे कागदांच्या एका बाजूवर ‘कागद वाचवा, झाडे जगवा’ असे छापून झाले. मधोमध कौस्तुभने एक डेरेदार झाड टाकले होते. यंत्र तापले, शाई दोनदा बदलावी लागली. पण संध्याकाळी पाच वाजता कार्यालयात पाचशे पाठकोरे कागद तयार होते आणि एकही नवीन कागद शिल्लक नव्हता. मग त्यातल्या एकाच्या पाठीवर लीलाबाईंचा आदेश छापला गेला. साहेबांनी तो दोन्ही बाजूंनी निरखला, आणि घाईत चूक नको म्हणून दोन्ही बाजूंना सही केली. शिक्काही दोन्हीकडे मारला.

“या आता, आजी. आता काही अडचण यायची नाही.”

दुसऱ्या दिवशी समिती आली. तीन सदस्य, दोन गाड्या, प्रत्येकाच्या हातात चाळीस पानी प्रश्नावली.

“या महिन्यात नवीन कागद किती वापरले?” अध्यक्षांनी विचारले.

“एकही नाही, सर. आमच्याकडचा प्रत्येक कागद एका बाजूने आधीच वापरलेला आहे.”

“प्रत्येक?”

साहेबांनी कपाट उघडून गठ्ठा दाखवला. चारशे नव्याण्णव झाडे. समितीने बरीच कार्यालये पाहिली होती, पण एखाद्या कार्यालयात रद्दीतसुद्धा इतकी शिस्त असेल असे तिला वाटले नव्हते. अध्यक्षांनी एक कागद उचलून त्याची पाठ गालाला लावून पाहिली. प्रश्नावलीत ‘लाभार्थ्यांचे मनोगत’ असा एक रकाना होता. कौस्तुभने तिथे पहिली ओवी उतरवून दिली. ‘कागुद पिकत न्हाई’ या ओळीतून कागद तयार होण्यास लागणाऱ्या कालावधीबाबतची ग्रामीण जाणीव व्यक्त होते, असा शेरा मारून समितीने पूर्ण गुण दिले. ‘कागदमित्र’ कार्यालय जागेवरच जाहीर झाले. सोनटक्के साहेबांचे डोळे भरून आले, आणि ते खोटे नव्हते.

त्याच वेळी लीलाबाई गेटसमोर उभ्या होत्या. आठवा दिवस होता. सकाळी त्या पुन्हा ओढा ओलांडून गेल्या होत्या आणि चिखलात पडलेले दाणे वेचून पदराच्या गाठीत बांधून आल्या होत्या.

शंभूने कागद घेतला. चष्मा खाली ओढला. झाड बघितले. कागद उलटला, पुन्हा सुलटा केला. दोन्हीकडे शिक्के होते.

“झाड लावायचं हाय का कुटं?” त्याने विचारले.

लीलाबाईंनी गाठ सोडली आणि मूठभर दाणे शंभूच्या मांडीवरच्या वर्तमानपत्रावर ओतले. दाणे अक्षरांवरून घरंगळत घडीत जाऊन थांबले. शंभूने एक उचलला, दाढेखाली धरला. कट् असा आवाज आला.

“काकी, हे तर चार दिसांमागंच काढाया पायजे हुतं.”

“तेच लिवलंय की रं त्यात. पैल्या दिसापास्नं तेच लिवलंय. तूच वाचून बघ.”

शंभू दाण्यांकडे बघत राहिला. मग त्याने चष्मा काढला आणि खिशात ठेवला.

“काकी, मला वाचता येत न्हाई.”

ओढ्याकडून वारा आला. वर्तमानपत्राचा कोपरा फडफडला, लीलाबाईंनी तो बोटाने दाबून धरला.

“आन् ह्यो पेपर?”

“मालकाला धावी पास मानूस पायजे हुता. मी म्हणलं, हाय. मंग बसाया नगं का तसं? नेऱ्याची जमीन गेल्यावं ह्येच एक काम हातात हाय, काकी. कुणाला बोलू नगंस.”

“न्हाई बोलत. पर भल्या मानसा, मला तरी सांगायचं. तोंडानं सांगितलं असतं म्या, की बाबा, गेट उघड, भात झडतंय.”

“तू कवा सांगितलंस? आलीस की कागुदच म्होरं करायचीस.”

खरेच होते.

शंभूने गळ्यातली किल्ली काढली. “मालक म्हणला हुता, कागुद दावला की उघडायचं. तू चार दावलंस.” कुलूप गंजले होते, त्याने ते दोनदा दगडाने ठोकले आणि गेट कुरकुरत बाजूला झाले.

“मंग इतकं दिस डोळ्याला लावून काय बघत हुतास रं?” लीलाबाईंनी आत पाऊल टाकता टाकता विचारले.

“शिक्का कुटं हाय, काट कुटं हाय, चित्तर कसलं हाय,” शंभू म्हणाला. “ज्यास्नी वाचता येतंय ती तरी दुसरं काय बघत्यात, काकी?”